कबुलीचं कपाट

लाखेची चपडी आणि स्पिरिट यांचं पॉलिश आता कोणी सांगत नाही. सगळ्यांना चकचकीत हवं आणि संध्याकाळपर्यंत हवं. पाचोऱ्यात हे जुनं काम जाणणारा मी एकटाच उरलोय, म्हणून कुठे जुनं सागवान निघालं की लोक लांबून फोन करतात. फादर वळवींचा फोन तसाच आला होता, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात.

"राजदीपभाऊ ना? चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं चर्च आहे, सागपाण्याला. सप्टेंबरात माउलीची यात्रा भरते. त्याआधी एक लाकडी काम करून द्याल का? सव्वाशे वर्षांचं सागवान आहे. कोणाच्याही हाती द्यायची भीती वाटते."

तीन दिवसांचं काम होतं. मी चपडी, स्पिरिटचा कॅन, पॉलिश पेपर, मलमलच्या चिंध्या अशी पिशवी भरली आणि पहाटेच्या गाडीने जळगाव, तिथून चोपडा, आणि चोपड्याहून काळीपिवळी जीप पकडली. केळीच्या बागा संपल्या, रस्ता चढायला लागला, आणि उघड्या माळावर ते चर्च दिसलं. काळ्या दगडाचं, उंच, एकटं. आजूबाजूला निंबाची पाच-सहा झाडं. एवढ्या लांब, एवढ्या उन्हात गोऱ्या लोकांनी ते का बांधलं असेल, असं कोणालाही वाटावं.

लोटन आबा तिथले राखणदार. सत्तरी ओलांडलेला सडपातळ माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांची बायको बेबाबाई शेजारच्या कौलारू घरात फादरांचा स्वयंपाक बघायची. फादर वळवी मला काम दाखवून त्याच दिवशी नाशिकला बैठकीला गेले, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणार होते.

काम होतं कबुलीच्या कपाटाचं. गावातले लोक त्याला तसंच म्हणायचे. माणसाच्या उंचीचं मोठं लाकडी कपाट, मधोमध फळीचा पडदा, पडद्यात ताटलीएवढी लाकडी जाळी. एका बाजूला फादर बसतात. दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकतो आणि जाळीला तोंड लावून आपली चूक सांगतो. चेहरा दिसत नाही. आवाज तेवढा जातो.

आत गारवा होता. समोर माउलीचा पुतळा, कडेवर बाळ, पायाशी मेणबत्त्यांचे वितळलेले थर. आबा म्हणाले, यात्रेला फक्त ख्रिस्ती येत नाहीत. पावरे येतात, भिल्ल येतात, पार धुळ्यापासून बाया येतात. ज्यांची पोरं आजारी असतात त्या, आणि ज्यांची गेली त्याही. चर्चच्या मागे निंबाखाली लहान लहान दगड मांडलेले होते, ओळीने, वीतभर अंतरावर. मी विचारलं तर आबा म्हणाले, "छप्पन्नना दुकायनी पोरं शेत ती. गोरा फादरनी आठे अनाथ पोरं ठेयेल व्हती. बठ्ठी वाचनी नहीत."

छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६चा, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. माझी आजीसुद्धा ऐकीव सांगायची, माणसं झाडाचा पाला खात होती म्हणून.

पहिल्या दिवशी मी जुनं पॉलिश खरवडून काढलं. बाराच्या सुमाराला आबा आले. "भाऊ, बारापासून तीनपर्यंत आठे काम करू नको. घर ये, जेव, जरा आडा व्हय."

"आत तर गार आहे, आबा."

"तरी बी," ते म्हणाले आणि घंटेच्या दोराकडे गेले. बाराची घंटा वाजवली, मोठं दार ओढून घेतलं, आणि मला जवळजवळ हाताला धरूनच घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी मी ऐकलं नाही. काम मागे पडलं होतं. गुडघे टेकायची फळी कीड लागून सैल झाली होती, ती मी सकाळी काढून बाहेर उन्हात ठेवली. बारा वाजता आबा घंटा वाजवून गेले, त्यांना वाटलं मी मागच्या दाराने निघालोय. मी फादरांच्या बाजूला शिरलो, बैठकीवर बसून आतली बाजू घासायला लागलो.

मे महिन्यातली आमच्याकडची दुपार तुम्हाला ठाऊक असेल. पाखरूसुद्धा चोच उघडत नाही. खाली बागांत केळीची पानं फडफडत होती, तीही थांबली. छतातली कबुतरं गप्प झाली. माझ्या पेपरची खसखस तेवढी ऐकू येत होती. मग मीही हात थांबवला. का, ते सांगता येत नाही.

आधी वास आला. स्पिरिटच्या डब्याला झाकण नव्हतं, नाक भरून फक्त स्पिरिटच यायला हवा होता. पण वास आला सुकलेल्या मोहफुलांचा. आंबूस, जुना.

मग पाय. अनवाणी पाय दगडावरून येत होते, हळू, थांबत थांबत, चालायची ताकद नसलेल्या माणसाचे. ते कपाटापाशी थांबले. आणि पलीकडे लाकूड करकरलं... गुडघे टेकल्यावर करकरतं तसं.

ती फळी बाहेर उन्हात पडली होती. मी स्वतः काढली होती.

"फादर..." जाळीतून आवाज आला. बाईचा. इतका हलका की आधी श्वासच वाटला. "फादर, शेतस ना तुम्ही?"

आहात ना, असं ती विचारत होती. पॉलिश पेपर माझ्या हातात तसाच होता.

"मी पाप करं, फादर... दुकाय व्हता. झाडना पाला बी सरना व्हता. मना मालक गया. तान्हं गयं. एक पोर राहिनी. जमनी."

ती थांबली. मी जाळीकडे बघत होतो. पलीकडे अंधार होता, दुसरं काही नाही.

"आठे ज्या पोरेसले माय-बाप नहीत, त्यासलेच पेज भेटे. मी जमनीले सांगं, माय मरनी असं सांग. ती रडनी. मना लुगडाले धरी बठनी. गोरा फादर बाहेर उना. त्यानी इचारं, हाई पोर कोननी शे..."

लाकूड पुन्हा करकरलं.

"मी सांगं, मले ठावं नही. हाई पोर मनी नही... आणि मी चालनू. ती मांगून हाका मारत व्हती, माय, माय... मी मांगे दखं नही, फादर. पानी पडनं, मंग मी परत उनू. पोर मातीमा व्हती."

आणि शेवटी, जाळीच्या अगदी जवळून,

"फादर... मले माफी शे का?"

मी पळालो. स्पिरिटचा डबा पायाने उलटला, त्याचंही भान नव्हतं. मागच्या दाराने बाहेर आलो तो थेट त्या दगडांच्या ओळीत.

भुताखेतांना आमच्या घरात कधीच जागा नव्हती. माझी आई, नर्मदाबाई, विहारात झाडलोट करायची, पौर्णिमेला वंदना म्हणायची, आणि कोणी अंगारा-धुपारा सांगितला तर हसून सोडून द्यायची. त्या आईचा मी मुलगा. पण जे ऐकलं ते ऐकलं.

आबांनी मला पाणी दिलं. "उनी ना?" एवढंच विचारलं, आली ना म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस साल व्हयनात मले आठे. मले फक्त पाय ऐकू येतस. बोलनं कधी ऐकू उनं नही."

"मग फादर लोकांनी काही केलं नाही? माफी द्यायला तेच तर बसतात."

"तीन फादर बठनात. वळवी फादर तर आठ दिवस बठनात, बारा ते तीन. फादर बठना का ती येतच नही."

बेबाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मले ऐकू उनं व्हतं. एकच साल. त्या साली मनी बहीण..." आणि त्या थांबल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उठून बाहेर गेले. चाळीस वर्षांच्या संसारात ती गोष्ट त्यांनाही पुरती माहीत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आणि ती बाई मलाच का ऐकू आली, तेही कळलं. आपलं माणूस नाकारलेल्यालाच तिचं बोलणं ऐकू येत होतं.

ते तुम्हाला सांगतो. शिल्पालासुद्धा, माझ्या बायकोलासुद्धा, मी तोवर सांगितलं नव्हतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आईला जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. मी खाली फाटकाबाहेर उभा असायचो, इतर नातेवाइकांसारखाच. सातव्या दिवशी दुपारी एक नर्स बाहेर आली. तिच्या हातात एकच किट होता. ती मोठ्याने म्हणाली, "नर्मदाबाईंचं कोण आहे? आजी बोलावताहेत. किट घालून पाच मिनिटं आत सोडते. कोण आहे का त्यांचं?"

मी तिथेच होतो. दहा पावलांवर, एका उभ्या रिक्षाच्या आड. आदल्या आठवड्यात माझ्या ओळखीचा एक धट्टाकट्टा माणूस आत जाऊन आला होता आणि त्यालाही लागण झाली होती. माझी मुलगी मयुरी तेव्हा आठ वर्षांची होती. मी ही सगळी कारणं नंतर जुळवली. त्या वेळी मनात कारण नव्हतं, नुसती भीती होती. नर्सने तीनदा विचारलं. मी हात वर केला नाही. ती आत गेली.

पहाटे आई गेली.

सगळ्यांना मी सांगितलं, आत सोडतच नव्हते हो. लोक म्हणाले, काय करणार, काळच तसा होता.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता मी स्वतःहून जाऊन बसलो. आबांनी अडवलं नाही. घंटा दिली, दार ओढलं, आणि त्यांच्या वहाणांचा आवाज दूर गेला.

मोहाचा वास आला. पाय आले. नसलेली फळी करकरली.

"फादर... शेतस ना तुम्ही?"

"मी फादर नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "मी पॉलिशवाला आहे, अक्का. पाचोऱ्याचा."

पलीकडे काही हललं नाही. ती गेली असेल असं वाटलं. पण वास होता.

मग मी सांगितलं. रिक्षा, नर्स, किट, तीनदा मारलेली हाक, सगळं. जाळीला कपाळ टेकून सांगितलं. चार वर्षांत जे एकदाही रडू आलं नव्हतं ते तिथे आलं. सांगून झाल्यावर बराच वेळ मी हुंदके देत बसलो आणि ती ऐकत होती. ऐकणारं माणूस असलं की कळतं, दिसलं नाही तरी.

मग ती म्हणाली, "तिले ठावं व्हतं का, भाऊ? तू तठे उभा व्हता, हाई?"

"नाही. तिला कसं कळणार?"

"मनी जमनीले ठावं व्हतं. मी बोलनू तव्हय ती मना तोंडकडे दखत व्हती."

"अक्का," मी म्हणालो, "माफी द्यायला मी कोण? पण एक सांगू? जमनी जगावी म्हणून तुम्ही ते बोललात. मी गप्प राहिलो तो मी जगावं म्हणून. दोन्ही एक नाही. तुमचं आणि माझं एक नाही."

मग जाळीपलीकडून एक आवाज निघाला, तो मला शब्दांत सांगता येणार नाही. ओल्या लाकडातून खिळा उपटताना निघतो तसा. खूप वर्षं आत राहिलेलं काहीतरी सुटत होतं. तो आवाज हळूहळू साधं रडणं झाला. कोणतीही बाई रडते तसं.

लाकूड करकरलं. ती उठली. पाय आले होते मोठ्या दाराकडून, गेले मात्र मागच्या दाराकडे, जिथे निंबाखाली दगड होते. दार मी लावलं होतं. ते उघडल्याचा आवाज आला नाही. पाय तेवढे गेले.

संध्याकाळी फादर वळवी आले. त्यांनी लाकडावरून हात फिरवला, खूश झाले. मी त्यांना काही बोललो नाही. घरी आलो आणि त्या रात्री शिल्पाला सगळं सांगितलं, जळगावचं. तिने उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यावर ती अजूनही कधी बोललेली नाही.

सप्टेंबरात यात्रेला आम्ही दोघं गेलो. माळ माणसांनी भरला होता. रेवडीची, मेणबत्त्यांची दुकानं, पाळणे, मांडवात भजनं, बायांच्या रांगा. लोटन आबांनी मला गर्दीतून ओळखलं. "ती आते येत नही," ते कानाशी म्हणाले. "तू गया तव्हयपासून पाय ऐकू येत नहीत मले."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला.

बेबाबाईंनी मात्र मला घराच्या मागे बोलावलं. त्या माझ्या डोळ्यांत बघत नव्हत्या.

"भाऊ, तुले घरमा राजू म्हनतस का?"

मी म्हणालो, हो. म्हणजे, आई म्हणायची. आता कोणी म्हणत नाही.

"ती जुनी बाई गयी. पन दुसरी येस. बारा वाजता. मी झाडू माराले जास तव्हय ऐकू येस. ती पाप सांगत नही. काहीच सांगत नही. फक्त इचारस..." बेबाबाईंनी पदर तोंडाला लावला. "इचारस, मना राजू जेवना का? सकायपासून बाहेर रिक्षामांगे उभा शे, म्हने. उपाशी शे, म्हने. कोनी त्याले जेवाले सांगा..."

रिक्षाची गोष्ट मी सागपाण्यात कोणालाच सांगितली नव्हती, एक जाळी सोडली तर. आईची खाट तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीपाशी.

बाराला दहा मिनिटं कमी होती. यात्रेची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, बाहेर मांडवात चालली होती, चर्च रिकामं होतं. शिल्पाला म्हणालो, जरा आत जाऊन येतो. ती म्हणाली, मी येऊ? मी नको म्हणालो. ती दाराशी थांबली.

मी फादरांच्या जागेवर बसलो. घंटा झाली. बाहेर हजारो माणसं होती, पण घंटेनंतर त्यांचा गलका विहिरीच्या तळातून यावा तसा येऊ लागला, आणि मग तोही येईना. रबरी चपलांचे पाय आले, डावा पाय जरा ओढत. आईचा डावा गुडघा दुखायचा. फळी आता नवी होती, तरी ती जुन्यासारखीच करकरली.

तिने काही विचारायच्या आत मी बोललो. तेवढं तरी मला करायचं होतं.

"मी आहे, माय. मी तिथेच होतो."

"जेवना का?"

"जेवलो," मी म्हणालो. "जेवलो, माय."

"बरं." आणि थोड्या वेळाने, "मंग आते जाय. पोर वाट दखत व्हई."

चपला गेल्या. डावी जरा ओढत. मी तोंडावर हात दाबून बसून राहिलो. मनात आलं, आता उठावं, शिल्पाकडे जावं, तिला सगळं सांगावं. मी बैठकीवरून अर्धा उठलोही.

तेवढ्यात फळी पुन्हा करकरली.

"फादर..." पलीकडून आवाज आला. पुरुषाचा होता. जाडसर, कधीही न ऐकलेला. "फादर, शेतस ना तुम्ही?"

त्याच्या मागे कोणीतरी खोकलं. त्याच्याही मागे पायांचा आवाज होता. रांगेत उभी माणसं या पायावरचा भार त्या पायावर देतात तसा. एका-दोघांचा नव्हे. तो दगडी फरशीवरून दूर मोठ्या दारापर्यंत गेला होता, शिल्पा उभी होती तिथपर्यंत, आणि दाराबाहेर उन्हातही तो संपत नव्हता.

मी परत खाली बसलो.